तीन काट्यांचे तात्या

शहापूर-मुरबाडकडे हल्ली गावागणिक एक तात्या सापडतात. तीस वर्षं कसारा लोकलनं मुंबईला नोकरी, निवृत्तीनंतर गावाकडचं घर, आणि घरात शिरताच साखर. रक्तातली. आमच्या तात्यांना डॉक्टर म्हणाले, “तळलेलं सोडा, भात कमी करा, मासे चालतील.” तात्यांनी शेवटचे दोन शब्द तेवढे घरी आणले.

तेव्हापासून तात्यांच्या आयुष्यात तीन काटे आहेत. पहिला वजनाचा. त्यावर ते रोज सकाळी चष्मा काढून उभे राहतात. दुसरा काटा-चमच्यातला, कारण सॅलड हातानं खाल्लं की त्याची कोशिंबीर होते, असं त्यांचं मत. तिसरा माशाचा. लहानपणी मळ्याच्या माशाचा काटा घशात अडकला होता, आजीनं भाताचे गोळे न चावता गिळायला लावले होते. त्यामुळे तात्यांना मासा हवा, काटा नको.

समुद्र इथून लांब. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, पुढे वैतरणेचं गेलं, भातसाचं गेलं. उलट वाटेनं आपल्याकडे काय येतं, तर कल्याणमार्गे बर्फातला मासा. “या व्यवहारात आपण बुडालो,” असं तात्या म्हणतात. एरवी मी त्यांचं म्हणणं फारसं मनावर घेत नाही, पण एप्रिलात टँकर आला की पटतं.

तर दर रविवारी कोळंबी यायची. ती उकडायची, गार करायची, मोडाचे मूग, काकडी आणि डाळिंबाच्या दाण्यांत मिसळायची. वर ऑलिव्हचं तेल, चमच्यानं मोजून. काकूंनी एकदा घरचं खुरासणीचं तेल पुढे केलं, तर म्हणाले, “अगं, ते बैलगाडीच्या काळातलं!” नागलीचंही तसंच. शाळेत असताना डब्यातली नागलीची भाकरी झाकून खाणारे तात्या 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आल्यापासून तीच नागली मुंबईहून पाकिटात मागवतात. पाकीट काचेच्या कपाटात असतं, पाहुण्यांना दिसेल असं.

ज्ञानदानही चालू असतं. सीझर सॅलड ज्युलियस सीझर लढाईआधी खायचा, हे त्यांनी अख्ख्या पारावर पसरवलं. ते सॅलड 1924 साली मेक्सिकोतल्या तिहुआनात सीझर कार्डिनी नावाच्या हॉटेलवाल्यानं केलं म्हणतात, एवढं मी सुचवून पाहिलं. “तो त्याच घराण्यातला असणार,” तात्या म्हणाले.

पावसाळा लागला, समुद्रातली मासेमारी बंद झाली, कोळंबी आटली. तेवढ्यात एक कातकरी मावशी दारावर खेकडे घेऊन आली, वेलीनं बांधलेले, नांग्या हलवत.

“मावशी, ऑरगॅनिक आहेत का?”

“नाय दादा, ओढ्यातले हायत.”

तात्यांनी खेकड्यांचंही सॅलड ठरवलं. आमच्याकडे हे ओढ्याचे खेकडे ठेचून त्यांचा रस्सा करतात, त्याला कारण आहे: त्यांच्यात मांस कमी, चव जास्त. तात्यांनी आठ खेकडे उकडले आणि सुरी, चिमटा, शेवटी अडकित्ता घेऊन दोन तास बसले. मांस निघालं वाटीच्या तळाला लागेल इतकं. एका नांगीनं मरणोत्तर अंगठाही कापला. काकूंनी न बोलता टरफलं गोळा करून पाट्यावर नेली. संध्याकाळी रश्श्याचा वास चार घरं गेला. तात्यांनी तो “फक्त चवीपुरता” घेतला, तीनदा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा काकूंनी डब्यातला सुका जवळा काढला होता. उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारातून आणून, निवडून, कडक उन्हं देऊन ठेवलेला. चाळून त्यातली वाळू काढली, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजला. कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं, वर चिंचेचा कोळ. मीठ नाहीच, जवळा मुळातच खारट. गोव्यात याच वळणाच्या पदार्थाला किसमूर म्हणतात. काकू काहीच म्हणत नाहीत, ताटात वाढतात.

तात्यांनी आधी वाटी वजनकाट्यावर ठेवली. मग काटा-चमचा उचलला. जवळा काट्याच्या दातांतून खाली गळत राहिला. चार वेळा प्रयत्न झाला. शेवटी इकडेतिकडे पाहून त्यांनी बोटांनी चिमूट उचलली, चावली, थांबले.

“हे... हे तर लो-कॅलरी सीफूड सॅलड आहे! तेलाचा थेंब नाही, आणि काटाही नाही! तू हे कुठे शिकलीस गं?”

“तुमच्याच आईकडून.”

तात्यांनी मोबाईल काढला, वाटीचा फोटो घेतला, कडेला नागलीचं पाकीट ठेवून दुसरा घेतला. “पुढच्या रविवारी पाहुण्यांना मी करणार. कृती सांग, लिहून घेतो.”

काकूंनी विळी त्यांच्याकडे सरकवली आणि चार कांदे पुढ्यात ठेवले.