सातबाऱ्याशिवाय इंटिग्रेशन

(द्रोणागिरी परिसरातील बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या हवालदिल पालकांसाठी सूचना)

इंटिग्रेशनची सूत्रे पाठ होत नाहीत म्हणून खचू नये. संजीवनी कोणती ते हनुमंतालाही ओळखता आले नव्हते; त्याने अख्खा द्रोणागिरी उचलला. त्याचाच एक तुकडा उरणजवळ पडला, असे इथे सांगतात. परीक्षेत मात्र सूत्रांचे अख्खे पान उचलून ठेवले तर गुण मिळत नाहीत. म्हणून प्रश्नात आलेख दिला असेल तर सूत्राच्या वाटेला न जाता सरळ जमीन मोजावी. निश्चित संकलन म्हणजे आलेख आणि आडवा अक्ष यांच्यामधले, चिन्हासकट धरलेले क्षेत्रफळ.

ज्या गावांनी सिडकोच्या भूसंपादनात जमिनी दिल्या, 1984 च्या आंदोलनात माणसे गमावली आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब तोंडी केला, त्यांना क्षेत्रफळ शिकवणे म्हणजे कोळणीला ताजे म्हावरे ओळखायला शिकवणे. तरी रीत म्हणून पायऱ्या देतो.

पायरी 1. हद्द कायम करा. ‘क्ष’ कुठून कुठपर्यंत ते पाहून दोन उभ्या रेघा मारा. शेजारच्या अर्ध्या चौकटीत घुसू नका. परीक्षक भावकीपेक्षा कडक असतो.

पायरी 2. चौकटीचा भाव विचारा. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट, हे इथे शेंबडे पोरही सांगेल. आलेखाची चौकट तशी नसते. आडव्या अक्षावर एक घर 10 सेकंदांचे आणि उभ्यावर 5 मीटर प्रतिसेकंदाचे असेल, तर एक चौकट 50 मीटरची. चौकटी नुसत्या मोजून ‘सात’ लिहिणाऱ्याचे उत्तर सातच राहते.

पायरी 3. तुकडे पाडा. शंकू-साखळीवाले मोजणीदार वेड्यावाकड्या शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन करत आले, तुम्हीही करा. आडवी रेघ दिसली की न्हावा-शेव्याचा कंटेनर समजा: लांबी गुणिले उंची. तिरकी रेघ अक्षाला टेकली की मिठागरावरच्या राशीची एक बाजू: पाया गुणिले उंची, भागिले दोन. 25 वजा क्ष-वर्गाचे वर्गमूळ, उणे 5 ते 5, असे काही आले तर घाबरू नका. ती 5 त्रिज्येची अर्धी भाकरी आहे. क्षेत्रफळ साडेबारा पाय. साडेबारा हा आकडा इथे कुणाला समजावावा लागत नाही.

पायरी 4. गाडी पकडा. जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल धावते, तिचा उपयोग करा. समजा, गाडीने 40 सेकंदांत 20 मीटर प्रतिसेकंद वेग घेतला, 60 सेकंद तो राखला आणि 40 सेकंदांत ती थांबली. आलेख समलंब चौकोन. समांतर बाजू 60 आणि 140, उंची 20. क्षेत्रफळ 2000, म्हणजे तेवढे मीटर अंतर. (अंतर समजुतीचे आहे, रेल्वेचे नाही.) फलाटावर ताटकळणाऱ्याचा आलेख अक्षावरच लोळतो. वेळ जातो, क्षेत्रफळ शून्य.

पायरी 5. अक्षाखाली वाकून पाहा. भरतीच्या पाण्याखाली जाणारे खाजण विकणारा माणूस तेही अधिकच मोजतो. गणित ते उणे धरते. अक्षाखालचा प्रत्येक तुकडा वजा करा.

खबरदारी: ही रीत सरळ रेघा आणि वर्तुळाच्या तुकड्यांपुरतीच. आलेख नुसताच लाडात येऊन वळला असेल, तर मुकाट्याने सूत्राकडे जावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. सकाळी जाताना अधिक 2000, संध्याकाळी परतताना वेग उलट दिशेचा, म्हणून उणे 2000. बेरीज शून्य: माणूस होता तिथेच. तेव्हा ‘दिवसभर काय केलंस?’ असे आईने विचारले तर निश्चित संकलनाने उत्तर देऊ नये. चिन्हे पुसून बेरीज करावी, चार हजार म्हणून सांगावे आणि भाकरीचे दोन्ही अर्धे मागावेत. पंचवीस पाय.