मामांची शिल्लक

भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळत होतो. कोणाच्या सासरी लग्नं फार, कोणाची भाताची खाचरं अजून कोकणात आहेत, सोमवारी कोणाचं पोट हटकून बिघडतं, हे सगळं रजेच्या कार्डावर दिसतं. किरकोळ रजा लोक सुट्या पैशांसारखी उडवतात. हक्काची रजा मात्र सोन्याच्या वळ्यासारखी. घरात आहे, एवढ्यावरच धीर असतो. मोडायची म्हटलं की जिवावर येतं.

कायद्याने ती मिळायची वीस दिवसांच्या कामाला एक दिवस, तीही वर्षात 240 दिवस भरले तर. उरलेली पुढच्या वर्षात ओढता यायची, पण 30 दिवसांपर्यंतच. हे गणित साऱ्या कारखान्यात पक्कं होतं ते प्रेस शॉपमधल्या मामांचं. देहूहून पंढरपूरला पायी जायचं तर अठरा-एकोणीस दिवस हवेत, वर परतीचा एखादा. वर्षभर खाडा न करता राबलं तरी पदरात पंधराएक. म्हणजे एका वारीला दोन वर्षांची काटकसर. मामांनी भाचीच्या लग्नाची तिथीसुद्धा कारखान्याच्या सुट्टीचा वार पाहून धरायला लावली होती.

त्या वर्षी कार्डावर 21 दिवस जमले. आणि पालखीला आठवडा उरला असताना पॉवर प्रेसखाली मामांच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात गुंतले तरच ती खाली यावी म्हणून. त्यातल्या एका बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली होती. कोणी आवळली, हे कोणी विचारलं नाही. माल संध्याकाळी जायचा होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मी लिहिलेल्या अपघाताच्या अहवालातही ती पट्टी नाही. असो.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद करताना मी कायद्याचं पुस्तक उघडलं. 1948 च्या त्या कायद्याच्या शेवटी माणसाच्या अंगाचा दरफलकच होता. कशाने कमाईची किती ताकद जाते, त्याचा. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12. अनामिका आणि करंगळी दोघींना सारखेच 7. साखरपुड्याची अंगठी मिरवणाऱ्या बोटाचा तेवढ्यापुरता तोरा उतरलेला. तर्जनीचं एकच पेर गेलं तर 9. मी हे वाचून दाखवलं. मामांनी बँडेजकडे पाहत शांतपणे ऐकून घेतलं.

“नऊ होय? भाऊसाहेब, माळ ओढताना तर्जनी लावतच नाहीत. अंगठा आणि मधलं बोट. पांडुरंगानं बघूनच घेतलंय.”

टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला हे कळवायची काही सोय फॉर्मवर नव्हती.

बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळणार होते. तापाने पडलं तर 70. त्यामुळे आमच्याकडे ‘पडायचंच तर मशीनवर पड’ असा एक कडवट विनोद चालायचा. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून दुखणं निदान तीन दिवस टिकलं पाहिजे. बोट तोवर पुन्हा उगवलं तर गोष्ट वेगळी.

“म्हणजे माझे एकवीस दिवस कापणार नाही?”

“नाही, मामा.”

“आणि मी घरी?”

“घरी.”

“मग चाललो की वारीला!”

मला आणखी एक पान उलटावं लागलं. उपचार चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आपला भाग सोडता येत नाही. परवानगी मागायला मामा दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी ओली जखम, पाऊस आणि चिखल हे तीनच शब्द उच्चारले. जन्मात पहिल्यांदा मामांना न मागता, पगारासकट, ऐन आषाढीच्या तोंडावर सुट्टी मिळाली होती, आणि तिच्यात पंढरपूर बसत नव्हतं.

“भाग म्हणजे नेमका कुठपर्यंत?” त्यांनी मला विचारलं. तेवढं खुलासेवार मलाही सांगता येईना.

पालखी आकुर्डीला मुक्कामी आली. मामांची खोली तिथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याकडे निघाली, तेव्हा मी दापोडीत हॅरिस पुलाच्या अलीकडे गर्दीत उभा होतो. दिंड्यांमागून दिंड्या चालल्या होत्या. त्यांतल्या एकीत मामा दिसले. गळ्यात टाळ, पण वाजवायची सोय नाही. बँडेजवर दुधाची रिकामी पिशवी चढवून रबरबँड लावलेला, आणि तो हात झेंड्यासारखा वर धरलेला. पुलाच्या तोंडाशी ते रांगेतून बाजूला झाले. चपला काढल्या, डांबरी रस्त्यालाच डोकं टेकवलं. पुलापलीकडे पुणं सुरू होतं.

उठताना त्यांनी मला पाहिलं.

“इथवर आपला भाग,” ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा निरखून बघत, “भाऊसाहेब, आज कामाचा दिवस. कोणती टाकलीत?”

“किरकोळ.”

“हां,” मामांचा जीव भांड्यात पडला. “हक्काची मोडू नका.”