काठावरचे काका

वसईत निर्मळला जा, नंदाखालला जा, नाहीतर पापडीला. रविवारच्या मिस्सेला चर्चच्या शेवटच्या खांबाला टेकलेले एक काका दिसतातच. पुढे चार बाकं मोकळी असली तरी ते बसणार नाहीत. 'असू दे, इथे वारा येतो,' म्हणतील. प्रवचन लांबलं की हळूच बाहेर क्रूसापाशी जाऊन येतील, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत बरोबर हजर. त्यांची श्रद्धा पातळ आहे असं मात्र कुणी समजू नये. प्रायश्चित्तकाळात ते मटणाला शिवत नाहीत. सणाच्या मिरवणुकीत तेच पुढे असतात आणि आळीत मयत झालं तर शवपेटीला पहिला खांदाही त्यांचाच. त्यांना फक्त एक गोष्ट विचारायची नाही, ती म्हणजे गटात कधी येताय.

गट म्हणजे एससीसी. लघु ख्रिस्ती समूह हे नाव पत्रकात छापायला. आळीतल्या पंधरा-वीस घरांनी पाळीपाळीने एकेकाच्या ओटीवर जमायचं, बायबल उघडायचं आणि मग आपापल्या आयुष्याबद्दल बोलायचं. ही कुणा उत्साही फादरच्या डोक्यातली टूम नव्हे. १९९० साली इंडोनेशियात बांडुंगला आशियातले बिशप जमले होते, तिथे अशा छोट्या समूहांवर भर द्यायचं ठरलं. बायबल वाचायची रीत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची. म्हणजे दोन खंड ओलांडून ही बैठक काकांच्या शेजारच्या ओटीवर येऊन पोचली. काकांना मधलं कुंपण ओलांडायला अजून सवड झालेली नाही.

त्या रीतीला सात पायऱ्या आहेत. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, मनाला लागलेला शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायचा, मग गप्प बसायचं. (आमच्या आळीत सर्वांत अवघड पायरी हीच. गेल्या खेपेला त्या शांततेत एका मावशींनी शेजारणीला सुकेळ्यांचा भाव विचारून घेतला.) पाचव्या पायरीला प्रत्येकाने मनातलं बोलायचं. प्रवचन द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, 'आपण सर्वांनी' असं न म्हणता 'मी' म्हणायचं. सहावीला आळीत कोण आजारी आहे, कुणाला काय हवंय, ते पाहून काम वाटून घ्यायचं आणि सातवीला प्रार्थना. सहाव्या पायरीची कामं काका न सांगता करतात. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी त्यांचीच निघते. त्यांचं अडतं पाचव्या पायरीशी.

आता हे काका काही मुखदुर्बळ नाहीत. हरित वसईच्या मोर्चात घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा बसला होता. विरार लोकलमध्ये तीस वर्षं चौथ्या सीटसाठी ते ज्या भाषेत बोलले, ती ऐकून दादरचे लोक बोरिवलीला उतरायचे. ऑक्टोबरात घरोघरी रोझरी असते तिथेही ते नेमाने येतात. त्रेपन्न नमो मरिया एका दमात, मणी न चुकता. पण तिथले शब्द ठरलेले असतात. स्वतःचं एक वाक्य, तेही 'मी'ने सुरू होणारं आणि बाजारभावावर न संपणारं, म्हणायची वेळ आली की काकांना आठवतं की वाडीतला पंप चालू राहिलाय.

नोकरीत होते तोवर कारण सोपं होतं, 'गाडी लेट असते हो.' निवृत्त झाल्यावर गुडघे आले, मग क्रिकेट, मग मच्छर. तीही कारणं झिजल्यावर काका पवित्र शास्त्राकडे वळले. काठावरच्या माणसाचं बायबलचं वाचन गटातल्या लोकांपेक्षा दांडगं असतं, कारण त्याला पळवाटा शोधायच्या असतात. गटप्रमुख बाई म्हणाल्या, 'काका, दोघं-तिघं प्रभूच्या नावाने जमली तर तो त्यांच्यात असतो.' काका म्हणाले, 'मग झालं की. तुम्ही बाराजणी आहात. माझ्यामुळे तो आणखी किती येणार?' प्रार्थना खोलीचं दार लावून एकांतात करावी असंही प्रभूनेच सांगितलंय, हे त्यांनी वर ऐकवलं. शेवटी त्यांनी संत थोमाला साक्षीला काढलं. 'थोमासुद्धा पहिल्या बैठकीला गैरहजर होता. प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आलाच ना?' बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, 'आला. पण आठ दिवसांनी थोमा हजर होता, काका.'

त्यावर काकांनी १७३९ सालाचा आधार घेतला. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी आपल्या वाडवडिलांनी श्रद्धा टिकवली, ती काय शेअरिंग करून? या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हतं. असतं तरी काकांनी ऐकून घेतलं नसतं, ते चप्पल घालून निघाले होते.

खरं कारण कुंपणापलीकडे राहतं. शेजाऱ्याशी त्यांचा सामाईक विहिरीवरून जुना वाद आहे. पाण्याची पाळी कुणाची एवढ्यावरून सुरू झालेला वाद आता मोजणीच्या नकाशापर्यंत गेलाय. चर्चमध्ये त्याची अडचण होत नाही. चर्च मोठं आहे. शांतीच्या नमस्काराच्या वेळी काका हात जोडून अशा कोनात वळतात की तो नमस्कार शेजाऱ्याच्या डोक्यावरून थेट संत अंतोनीच्या पुतळ्याला पोचतो. ओटीवर ही सोय नाही. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडतात. त्या गोलात शेजारी नेमका समोर येणार, आणि त्याच दिवशी उताऱ्यात निघणार की वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर. मग दोन मिनिटांची शांतता! फादर वेदीवरून हेच सांगतात तेव्हा ते चारशेजणांना असतं, त्यातला आपला वाटा किरकोळ निघतो. बाराजणांत वाटा मोठा पडतो. मला विचाराल तर गटात नेमाने येऊन आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर अर्धा तास शेअरिंग करणाऱ्या सभासदापेक्षा काकांनाच हा उद्योग नीट कळलाय. इथे काय होऊ शकतं ते ओळखूनच ते लांब राहतात.

घरची बाजू वेगळी. काकी गटात जुन्या. त्यांनी आग्रह कधीच केला नाही. यंदा पाळी आपल्या घराची आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'तुम्ही बसू नका, पण खुर्च्या आणून ठेवा.' काकांनी खुर्च्या आणल्या, पुसल्या, पंखा वळवला. 'फक्त चहा-बिस्किट' हा फादरांचा नियम मोडून केकही आणला. आणि लोक जमू लागले तसे स्वयंपाकघरात जाऊन चहापत्तीचा डबा शोधू लागले.

येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचायचं होतं. निघाला जक्कय. तोच तो, येशूला पाहायला गर्दीपासून लांब झाडावर चढून बसलेला, आणि येशूने त्यालाच सांगितलं की खाली उतर, आज मुक्काम तुझ्या घरी. आतून कपबशी आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ काका दारात. 'हे मुद्दाम निवडलंय!'

बाईंनी चष्मा वर केला. 'काका, रविवारचा वाचनक्रम तीन वर्षांचा असतो. तो रोमहून ठरतो. रोमला तुमचा पत्ता माहीत नाही.'

दारात आल्यामुळे काका आता धड आत नव्हते, धड बाहेर नव्हते. शेजारी जरा सरकला आणि बाजूची खुर्ची मोकळी झाली. काका बसले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले. 'असू दे, इथे वारा येतो.' पाचवी पायरी आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे न बघण्याची मोठी काळजी घेतली. काकांनी दोनदा खाकरलं आणि म्हणाले, 'मी...' आणि थांबले. मग म्हणाले, 'मी चहा आणतो.'

बाई म्हणाल्या वाक्य 'मी'ने सुरू झालं, तेव्हा नियमात बसतं. पहिला कप कुणाच्या हातात गेला यावर आळीत दोन मतं आहेत. शेजारी तो आपल्याला मिळाला असं सांगतो. काका म्हणतात तो दाराजवळ बसला होता, दुसरं काय करणार.

निघताना हजेरीची वही फिरली. काकांनी सही करायचं साफ नाकारलं. सभासद व्हायचं की नाही, याचा विचार अजून चालू आहे, असं त्यांनी बजावलं. बाईंनी त्यांच्यासाठी 'यजमान' असा वेगळा रकाना आखून दिला. काकांनी तो वाचला, आधी पेन्सिल मागून घेतली आणि मग सही केली.