मूर्खाची लक्षणे, सहीशिक्क्यानिशी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत. त्यात एका ओवीत दोन मूर्ख जवळजवळ बसवलेत. एक आपली स्तुती आपणच करणारा आणि दुसरा वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा. आता कुठलाही रिझ्युमे उघडा. वरच्या अर्ध्या पानात पहिला मूर्ख भेटतो. रिझ्युमे आपल्याकडचा असेल तर खाली ‘फादर्स नेम, फादर्स ऑक्युपेशन’ या रकान्यात दुसराही हजर असतो.

नांदगावातले असे बरेच कागद माझ्याकडे येतात, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. निवृत्त इंग्रजी शिक्षकाला पेन्शनीबरोबर ही दुसरी नोकरी आपोआप चिकटते. तिला पगार नाही आणि निवृत्तीही नाही. आमचं गाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर, शिवाय मनमाड जंक्शन आमच्याच तालुक्यात. त्यामुळे इथे अर्ज म्हणजे बरीच वर्षं रेल्वेचा अर्ज. पंचवटी एक्सप्रेस 1975 साली मनमाडहून मुंबईला धावू लागली, तशी मुंबईच्या खासगी कंपन्यांचीही भर पडली. पोरगा पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि रात्री तोच शर्ट बोळा होऊन परत यायचा. मुलाखत कशी झाली हे शर्टावरून कळायचं.

त्या काळी अर्जाची रीत ठरलेली होती. ‘सेवेशी’पासून सुरुवात, मधे परिस्थिती, शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’. माझं काम एकच, अर्जदार होता होईल तेवढा केविलवाणा करणं. फिटर असो, टायपिस्ट असो, अर्जात सगळी एकाच घरची भावंडं वाटायची. वडील वृद्ध, जमीन कोरडवाहू, बहीण लग्नाची. साहेबाला पाझर फुटेपर्यंत मजकूर लांबायचा आणि जागा उरलीच तर शेवटी एक ओळ यायची, ‘शिवाय वेल्डिंग येते.’

या ‘शिवाय’पाशी मला लिओनार्दो दा विंची आठवतो. साधारण 1482 च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्राचा मसुदा केला. मी हलके पूल बांधतो, तटबंदी उद्ध्वस्त करतो, झाकलेले युद्धरथ करून देतो, अशी मुद्देसूद यादी त्यात आहे. चित्रकलेचा उल्लेख येतो पार शेवटी. म्हणजे शिवाय चित्रंही काढतो! फरक इतकाच, की आमच्या वेल्डरने आधी गरिबी मांडली आणि त्याने आधी तोफा. समर्थांना यातला कोण जास्त पसंत पडला असता, हे विचारायची सोय नाही.

आपल्या बाजूने रामानुजन आहेत. 1913 च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना जगाला थक्क करणारी प्रमेयं पाठवली. पण पत्राच्या सुरुवातीला काय, तर मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे आणि पगार वर्षाला फक्त वीस पौंड. अनंत मालिकांच्याही आधी पगार! हे पत्र मला अगदी नांदगावचं वाटतं.

कारण आमच्याकडे मुद्द्याचं बोलणं आधी काढणं हा असभ्यपणा आहे. कुणाला माझा फवारणीचा पंप हवा असेल, तर तो येऊन आधी पावसावर बोलतो. मग कांद्याचा भाव. मग भाव पडला त्या दिवशी कोण काय म्हणालं ते. मग चहा. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी. मग उठतो, चपला घालतो, आणि उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवून म्हणतो, “हां सर, तो पंप रिकामा असंल तर...” आधीचा तासभर याच वाक्यासाठी झालेला असतो, हे आम्हा दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असतं.

अशा गावात माझ्या भाच्याच्या डोक्यात जर्मनी शिरली. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार माणसांची भाषा झाली आणि त्यात इलेक्ट्रिशियनही होते. भाचा आयटीआय झालेला, मनमाडच्या एका ठेकेदाराकडे वायरिंग करणारा. त्याने बातमी वाचली आणि नाशकात जर्मनचा क्लास लावला. तिथे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की जर्मन माणूस थेट बोलतो, आडपडदा नाही. भाच्याने सराव घरूनच सुरू केला. “मामी, भाजी खारट झालीय.” पुढचे काही दिवस त्याला घरात सगळ्यांनी थेट उत्तरं दिली.

रिझ्युमे करायला बसलो. तिकडे त्याला लेबेन्सलाउफ म्हणतात. तक्त्यासारखा नेटका कागद, खाली तारीख आणि सही. फोटो लावायची जुनी पद्धत. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो मागता येत नाही, तरी पुष्कळ लोक लावतातच. अमेरिकेत उलट, फोटो आणि जन्मतारीख दिसली तर वाचणाराच घाबरतो. भाच्याकडे मात्र एकच फोटो होता, चुलतभावाच्या हळदीतला. तो कापूनही कपाळावरची हळद राहिलीच.

मग मुलाखतीची तालीम. मी जर्मन साहेब झालो.

“स्वतःबद्दल सांगा.”

“मुक्काम पोस्ट सांगू का आधी?”

“नको. काम काय केलंस?”

“आम्ही मनमाडच्या एका मंगल कार्यालयाचं अख्खं वायरिंग केलं.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही सगळे.”

“त्यात तू काय केलंस?”

“आम्हीच केलं ना, मामा.”

पॅनेल बोर्ड याने एकट्याने बसवला होता, हे मला माहीत होतं. पण ‘मी बसवला’ एवढं त्याच्या तोंडून निघेना. खूप ढोसल्यावर निघालं, तेही दाराकडे बघून. “शेठच्या कानावर गेलं म्हणजे?” म्हणाला.

तुमच्यातली उणीव कोणती, हाही प्रश्न तिकडे असतो. भाचा विचार करून प्रामाणिकपणे म्हणाला, “उन्हाळ्यात दुपारी झोप येते.” मी समजावलं, की इथे उणीव सांगायची नसते, उणिवेचा वेश घातलेला गुण सांगायचा असतो. काम बिनचूक झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, असं काहीतरी.

“पण मामा,” तो म्हणाला, “पडतं की.”

शेवटी राहिलं ते आधीच्या कामाचं प्रमाणपत्र. आपल्याकडे वर्तणुकीचा दाखला असतो, त्यात सगळ्यांचं नैतिक चारित्र्य सारखंच उत्तम. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला असं पत्र मागायचा कायद्याने हक्क आहे. ते खरं असलं पाहिजे आणि नोकराच्या पुढच्या वाटेत धोंडाही ठरता कामा नये, असा तिथल्या न्यायालयांचा दंडक. या दोन अटींच्या चिमट्यात सापडलेल्या मालकांनी एक गुप्त भाषाच तयार केली. ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’ लिहिलं तर माणूस बरा. पहिला नंबर हवा तर ‘सदैव’ आणि ‘पूर्णतम’, व्याकरण मोडून. ‘त्याने प्रयत्न केले’ म्हणजे जमलं काहीच नाही. आणि ‘मिळून-मिसळून वागायचा, त्यामुळे वातावरण चांगलं राहिलं’ म्हणजे हा प्यायचा.

हे वाचून काय लिहून घ्यायचं ते कळलं, म्हणून मी निर्धास्त झालो होतो, तेवढ्यात भाच्याचा ठेकेदार स्वतःच आला. पावसावर बोलला, कांद्यावर बोलला, चहा झाला. मग उंबऱ्यात उभं राहून त्याने खिशातून घडी काढली. पोराचं कल्याण व्हावं म्हणून रात्री जागून लिहिलेलं पत्र. मजकूर दोनच वाक्यांचा : ‘मुलगा मनापासून प्रयत्न करतो. सर्वांशी मिळून-मिसळून राहतो.’

मी त्याला परत आत बसवलं आणि सगळं उलगडून सांगितलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

“म्हणजे सर, हा बेवडा आणि बिनकामाचा, असं मी लिहून दिलं?”

“त्यांच्या हिशेबाने, हो.”

“आणि त्यांना थेट बोलणारे म्हणतात?”

“म्हणतात.”

“मग ते आपल्यासारखेच की! तोंडावर कुणी बोलत नाही,” तो एकदम खुलला. “पोरगं रमंल तिकडं. लिहा तुम्ही ते सदैव का काय ते.” मी लिहिलं. त्याने सही केली आणि पिशवीतून दोन शिक्के काढले. “दोन्ही मारतो सर. इंग्रजी त्यांना वाचायला, अन् मराठी खरा.”