जल, तरू, तृण, पाषाण

पुण्याहून भाच्याने भाड्याच्या घराचा करारनामा फोनवर धाडला. खाली लिहिलं, "मामाजी, तुम्ही तर तहसीलसमोरच बसता. एकदा पाहून द्या."

बसतो हे खरं. सावरगावातून जाम नदीचा पूल ओलांडला की पांढुर्णा, आणि तिथे बावीस वर्षं मी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. पण लिहितो हिंदीत. घरी मराठी, टेबलावर हिंदी, आणि त्या हिंदीत वल्द, साकिन, मुख्तारनामा असे फारशीकडचे पाहुणे कायमचे मुक्कामाला. इंग्रजीचा संबंध स्टँपवरच्या आकड्यांपुरता.

करारावर ठळक अक्षरांत होतं, 'लीव्ह अँड लायसन्स'. लीव्ह म्हणजे सोडणं, एवढं मला येतं. मी तात्काळ कळवलं, "घरात पाय ठेवायच्या आधीच सोडायचं लिहून घेऊन राहिलेत. सही करू नको." त्याने केली नाही. घरमालकाने आठवड्याच्या आत घर दुसऱ्याला दिलं. बहिणीने महिनाभर फोन केला नाही.

त्या पापक्षालनासाठी मी परदेशातल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स धरला. कायद्याचं इंग्रजी, आठ आठवडे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राला पैसे. आमच्याकडे रेंज येते ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसलं तर. रात्री दहाला मी टाकीशी बसून इंग्रजीत पुटपुटायला लागलो, तेव्हा बायको जिन्यातून म्हणाली, "तुमाले कोनी नोटीस धाडली काय?"

पहिल्याच आठवड्यात माझं बिंग फुटलं. कायद्यात लीव्ह म्हणजे सोडणं नव्हे, परवानगी. आणि लायसन्स म्हणजे? तीही परवानगी! एकाच कामाला दोन शब्द कशाला, तर त्याचं मूळ इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. मग साहेब फ्रेंच बोलणार, प्रजा इंग्रजी, दप्तर लॅटिनमध्ये. लिहिणाऱ्याने शहाणपणाने दोन्हीकडचा एकेक शब्द घातला, म्हणजे कोणी 'मला समजलं नाही' म्हणायला नको. पुढे सवयच लागली. 1362 मध्ये कायदा झाला की लोकांना फ्रेंच समजत नाही, तेव्हा कोर्टात इंग्रजीतच बोलावं. तो कायदा लिहिला फ्रेंचमध्ये.

इथे मी टाकीला टेकून एकटाच हसलो. आमच्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1956 पर्यंत हायकोर्ट नागपूरला होतं, इथून शंभरेक किलोमीटर. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, आम्ही मध्य प्रदेशात उरलो आणि हायकोर्ट जबलपूरला गेलं. नागपूर जिथल्या तिथेच राहिलं, आम्हीही. तेव्हापासून बांधावर मराठीत भांडायचं, पांढुर्ण्याला ते हिंदीत लिहून द्यायचं आणि जबलपूरचा निकाल इंग्रजीत आला की तो कोणाच्या बाजूने लागला हे विचारत हिंडायचं. नॉर्मन आमच्याकडे आलेच नाहीत. आम्ही त्यांच्यावाचून निभावलं.

जोडशब्दांची तर मला आता भीतीच उरली नाही. 'नल अँड व्हॉइड' म्हणजे रद्द आणि रद्द. 'सीज अँड डेसिस्ट' म्हणजे थांबा आणि थांबा. मग आमचं 'कबूल व मंजूर' काय वेगळं आहे? सासऱ्यांचं काटोलचं जुनं खरेदीखत पेटीतून काढलं. लिहून देणार राजीखुशीने, अक्कलहुशारीने आपली जमीन देतो, कशी, तर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह. ब्रिटनच्या कोणत्याही वकिलाने या ओळीपुढे टोपी काढावी.

पाचव्या आठवड्यात लॅटिन आलं: 'व्होलेंटाय नॉन फिट इन्ज्युरिया'. जो राजीखुशीने धोका पत्करतो, त्याला नुकसानीची दाद मागता येत नाही. स्वाध्याय होता, आपल्या भागातलं उदाहरण द्या. मला शोधायला जावं लागलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि इकडून सावरगाव, तिकडून पांढुर्णा एकमेकांवर गोटे मारतात. गोटमार. तीनशे शब्द मी एका बैठकीत लिहिले.

या कोर्समध्ये पेपर तपासतात ते बरोबरचे विद्यार्थीच. एकाने शेरा दिला, 'कल्पना चांगली, पण पटत नाही.' दुसऱ्याने विचारलं, 'आयोजकांनी विमा कोणता काढला आहे?' तिसरा मात्र हुशार निघाला. त्याने एवढंच विचारलं, 'यात वादी कोण?'

त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. गोटमारीत माणसं गेली आहेत, डोळे गेले आहेत, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. प्रशासन दरवर्षी जमावबंदी लावतं, मध्यंतरी रबरी चेंडूही देऊन पाहिले. 1860 च्या, 2024 पर्यंत चाललेल्या दंडसंहितेचं कलम 87 मी काढून वाचलं. त्यातले ए आणि झेड गमतीखातर तलवारबाजी करतात आणि लागलं तर एकमेकांवर गुन्हा नाही. (त्या संहितेत झेडइतका दुर्दैवी माणूस दुसरा नाही; पानोपानी ए त्याला मारतो, लुटतो, फसवतो.) पण जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल हे माहीत असेल, तर त्या कलमात राजीखुशी चालत नाही. म्हणजे माझं उदाहरणच चुकलं. मला दहापैकी सहा गुण मिळाले. उरलेले चार विम्यावाल्याने कापले असावेत.

कोर्सची बातमी गल्लीत पसरली होतीच. यंदा गोटमारीच्या संध्याकाळी शेजारचे काका लिंबाएवढा गोटा घेऊन गच्चीवर आले.

"कोर्स करून राहिले नं तुमी? सांगा मंग, माह्या टिनावर पडलेला हा गोटा कोनाचा?"

मी घसा साफ केला. दुसऱ्याच्या जागेत दगड फेकणं हासुद्धा ट्रेसपास, म्हणजे अतिक्रमण, असं सांगितलं. काकांनी मान हलवली नाही. मग सासऱ्यांचं खरेदीखत आठवलं. "काका, जमिनीसोबत पाषाण आलाच. तुमच्या जागेत पडला, तुमचा झाला."

काकांनी गोटा हातात तोलला आणि नदीपलीकडे पाहिलं.

"माहा झाला न? मंग पुढच्या पोळ्याले माह्या मर्जीनं वापरतो."