सर म्हणतात, बॉट म्हणतो

स्पर्धा परीक्षांच्या टेलिग्राम ग्रुपवर ‘सर’ या पदासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. ज्याच्या हाती क्विझबॉट, तो सर. वय पंचविशीच्या आसपास, दोन-तीन पूर्व परीक्षा देऊन झालेल्या, मुख्य परीक्षेशी अजून ओळख नाही. रात्री नऊला ‘टेस्ट’ असते आणि पावणेनऊपासून दम देणं सुरू होतं: ‘फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही तुम्हाला.’ ग्रुपमध्ये किमान दोघांनी तयारी दाखवल्याशिवाय बॉट खेळ सुरू करत नाही. त्यामुळे मंदीच्या दिवसांत सर स्वतः एक आणि आईच्या मोबाइलवरून दुसरे, असे दोघे हजर होतात. पहिला नंबर त्या रात्री आईचा येतो.

या माणसाचं खरं भाग्य असं, की निःपक्षपातीपणा त्याला आयता मिळाला आहे. वर्गात प्रश्नमंजूषा घेणाऱ्या गुरुजींना आक्षेप तोंडावर ऐकावा लागे, दोन्ही बाजूंकडे पाहून निवाडा द्यावा लागे आणि त्याचा वाईटपणाही घ्यावा लागे. सरांकडे त्या सगळ्यावर एकच वाक्य आहे: ‘मित्रा, मी नाही, बॉट म्हणतोय.’ पण बॉट काहीच म्हणत नाही. नव्वदच्या दशकात आयआरसीच्या गप्पाखोल्यांत प्रश्न विचारून गुण मोजणारे बॉट होते, तेही अक्षराला अक्षर जुळवण्यापलीकडे जात नसत. (तिथे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं गाव विचारलं असतं, तर ‘कराड’ की ‘कऱ्हाड’ यातच रात्र सरली असती.) टेलिग्रामने जानेवारी २०२० मध्ये क्विझ-पोल आणला, त्यात अक्षरं जुळवायची कटकट गेली आणि बरोबर उत्तरावर रंगीत कागदांची उधळणही आली. मात्र चारांपैकी बरोबर पर्याय कोणता, हे अजून सरांचा अंगठाच ठरवतो. गिरणीच्या लेखी गहू आणि खडा सारखाच, निवडायचं काम घरचं.

आणि सरांच्या घरी निवडणं होत नाही. दुसऱ्या ग्रुपवरची पीडीएफ जशीच्या तशी बॉटच्या पोटात जाते. भारताचा राष्ट्रीय खेळ? ‘हॉकी’वर कागद उधळतात. वास्तविक कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही, असं केंद्र सरकारने माहिती अधिकारातल्या अर्जाच्या उत्तरात २०१२ मध्येच कळवलं आहे. देशाचा समुद्रकिनारा? ७,५१६ किलोमीटर. अधिक बारकाईने झालेल्या नव्या मोजणीत तो ११ हजारांच्या वर गेला, पण ती बातमी पीडीएफपर्यंत पोचलेली नाही. ज्याने वर्तमानपत्र वाचलं, तो त्या रात्री लीडरबोर्डवर खाली दिसतो.

यावर सरांचे चाहते म्हणतील, निदान गुण मोजताना वशिला तरी चालत नाही, आणि क्लासची फी न परवडणाऱ्या गावाकडच्या पोरांना रोजचा सराव फुकट मिळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सरांची रोजची मेहनतही खरी आहे, तिची थट्टा करण्याचं कारण नाही. पण सराव नेमका कशाचा होतो, हेही पाहिलं पाहिजे. टेलिग्रामच्या क्विझबॉटकडे समान गुण झाले की ज्याला वेळ कमी लागला तो वर जातो, आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत चूक झाली की त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. म्हणजे जो अंदाजपंचे, पण वाऱ्याच्या वेगाने टिचक्या मारतो, तो इथे ‘टॉपर’ आणि तिथे उणे. मोजणी चोख आहे, मोजलं जातंय ते भलतंच.

‘चूक कोणाची होत नाही?’ असाही एक बचाव असतो. होतेच. लोकसेवा आयोगसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका लावतो, हरकती मागवतो, प्रसंगी प्रश्न रद्द करतो आणि मगच अंतिम तालिका काढतो. सर मात्र हरकत घेणाऱ्याला म्यूट करतात.

तेव्हा नऊच्या टेस्टला जरूर बसा, पण उत्तर खटकलं तर पुस्तकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका आणि बॉटला नव्हे, सरांनाच नाव घेऊन विचारा. म्यूट झालात, तर त्या वेळात पुस्तक वाचून होईल.