मापात पाप

आपल्याकडे पुढाऱ्याची तुला करायची तर वाढदिवसाला करतात आणि पारड्यात लाडू नाहीतर वह्या टाकतात. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ऊगो चावेझ यांची तुला ते 5 मार्च 2013 ला गेले तेव्हापासून चालूच आहे. एका पारड्यात दवाखाने, दुसऱ्यात दंडुके. डावे मित्र पहिल्यात बसकण मारतात, उजवे दुसऱ्यात. मधले समतोल विचारवंत काटा मधोमध आल्यासारखा वाटला की 'वारसा संमिश्र आहे' म्हणतात आणि चहा मागवतात.

दवाखाने खरे होते, हे आधी मान्य करून टाकू. काराकासच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चढून जायला जिथे देशी डॉक्टर फारसे राजी नसत, तिथे 2003 पासून क्युबाचे डॉक्टर मुक्कामाला आले. बदल्यात क्युबाला सवलतीत तेल. प्रौढांच्या हातात पाटी आली, सरकारी दुकानात स्वस्त धान्य आलं, गरिबी बरीच घटली. 1998 मध्ये दहा-बारा डॉलरला मिळणारं तेलाचं पिंप 2008 पर्यंत शंभरावर गेलं, हा योग भला. पण तेल त्याआधीही महाग झालं होतं आणि तेव्हा तो पैसा डोंगर चढला नव्हता.

दुसऱ्या पारड्यातल्या स्वातंत्र्यवाल्यांनीही उगाच छाती काढू नये. 1989 च्या फेब्रुवारीत दरवाढीविरुद्ध रस्त्यावर आलेल्या शेकडो लोकांना गोळ्या घातल्या त्या निवडून आलेल्या, सभ्य, चावेझपूर्व सरकारने. एप्रिल 2002 मध्ये बंड करून चावेझना उचललं, तेव्हा उद्योजकांचे पुढारी पेद्रो कार्मोना यांनी एका फर्मानात संसद आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही बरखास्त केलं. चावेझसमर्थक रस्त्यावर उतरले, तर खासगी वाहिन्या कार्टून दाखवत होत्या. हे लोकशाहीरक्षक दोन दिवसही टिकले नाहीत, चावेझ परत आले.

पण पुढे चावेझनी काय केलं? 2003 मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी लाखो लोकांनी सह्या केल्या. हा हक्क चावेझनीच 1999 च्या राज्यघटनेत दिलेला. त्यांच्या पक्षाच्या एका खासदाराने 2004 मध्ये सह्या करणाऱ्यांची यादी इंटरनेटवर टांगली आणि सरकारी नोकरीसाठी, कागदपत्रांसाठी रांगेत उभ्या असलेल्यांची नावं तीत शोधली जाऊ लागली. वर्षभराने चावेझ म्हणाले, ती यादी आता पुरून टाका. तोवर ती बऱ्याच जणांची पोटं मारून बसली होती.

डिसेंबर 2009 मध्ये न्यायाधीश मारिया लुर्देस अफिउनी यांनी निकालाविना जवळपास तीन वर्षं तुरुंगात असलेल्या एका बँकमालकाला सशर्त सोडलं. अफिउनींनाच त्याच दिवशी अटक झाली. दुसऱ्या दिवशी चावेझनी टीव्हीवरून तीस वर्षांची शिक्षा मागितली, खटला नंतर. ज्या अमेरिकी विचारवंत चॉम्स्कींचं पुस्तक चावेझनी 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांत हातात धरून मिरवलं, त्यांनीच पुढे बाईंना सोडा म्हणून विनवलं. लाच घेतल्याचा पुरावा काही सापडला नाही. मग 2019 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली ती 'आध्यात्मिक भ्रष्टाचारा'साठी. (हे कलम आपल्याकडे आणलं तर कितीतरी मठ ओस पडतील.)

मला ही तुलाच मंजूर नाही. दवाखाना उघडा आहे की कुलूपबंद, फळीवर औषध आहे की धूळ, हे सांगणारी माणसं, ते छापणारं वर्तमानपत्र आणि सरकारला जाब विचारणारं न्यायालय, एवढं सगळं तुम्ही वजन समजून दुसऱ्या पारड्यात टाकलंत. अहो, तोच तर तागडीचा काटा! तो मोडला की पहिल्या पारड्यात किती आहे हेही फक्त सरकारच सांगणार.

2010 मध्ये सरकारी धान्ययोजनेचं हजारो टन अन्न बंदरात कंटेनरमध्येच सडलेलं सापडलं. गरिबांच्या ताटातलं अन्न गेलं कुठे हे कळलं, कारण बातमी देणारे थोडे अजून उरले होते. आरसीटीव्ही ही खासगी वाहिनी मात्र तोवर हवेतून उतरवली गेली होती. तिचा परवाना 2007 मध्येच संपू दिला. 2002 च्या बंडातली तिची वागणूक लाजिरवाणी होती, हे खरं. पण त्यासाठी खटला असतो. परवान्याची तारीख उलटण्याची वाट बघणं हा न्याय नव्हे, घरमालकाचा डाव आहे.

भक्त म्हणतील, बिघडलं ते चावेझनंतर आलेल्या मादुरोंच्या काळात. मादुरोंना वारस म्हणून टीव्हीवर कुणी पुढे केलं, हे ते सांगत नाहीत. त्याच मादुरोंच्या आरोग्यमंत्री आंतोनिएता कापोराले यांच्या खात्याने मे 2017 मध्ये बराच काळ दडवलेले आकडे जाहीर केले: एका वर्षात बालमृत्यू 30 टक्क्यांनी वाढले, मातामृत्यू 65 टक्क्यांनी. सरकारने तातडीने इलाज केला. त्याच आठवड्यात मंत्रीणबाईंना घरी पाठवलं.